जातककथांचे अध्यापन : पाठ्यपुस्तक, इतिहास आणि शिल्प

प्रस्तावना

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत पाली भाषेचे अध्यापन सुरू होऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत. या काळात अभ्यासक्रम अनेकदा बदलले, परीक्षापद्धती बदलली. पालीच्या वर्गात बसणाऱ्या विद्यार्थ्याची सामाजिक पार्श्वभूमी तर आमूलाग्र बदलली. एक गोष्ट मात्र सहसा बदलली नाही. पालीच्या नवशिक्या विद्यार्थ्याच्या हाती पडणारा पहिला गद्य उतारा बहुधा जातककथेचा असतो. वाक्ये लहान, शब्द ओळखीचे, गोष्ट माकडाची, मगरीची किंवा बगळ्याची; त्यामुळे व्याकरणाचे नियम शिकविण्यास हे गद्य सोयीचे ठरते. ही सोय नाकारण्याचे कारण नाही. परंतु या सोयीपोटी जातककथा म्हणजे पालीची बालभारती असा जो समज दृढ झाला, त्याचे परिणाम दूरगामी झाले आहेत.

दि. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीबरोबर पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. अशा वेळी पालीतील सर्वांत विपुल कथाभांडार वर्गात कसे वाचले जाते, हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा राहत नाही. जातक हे प्रथम भाषाशिक्षणाचे साधन आणि नंतर ‘बुद्धकालीन समाजा’ची माहिती देणारी खाण, अशा दोनच भूमिकांत आपल्या महाविद्यालयांत वावरले. त्याच्या रचनेतील निरनिराळे कालस्तर वेगळे करून वाचण्याची सवय वर्गात रुजली नाही, आणि ज्या प्रदेशाच्या डोंगरांत जातकांची सर्वोत्तम चित्रे आहेत त्या प्रदेशातही ग्रंथ आणि भिंत यांची गाठ क्वचितच पडली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. हे कसे घडले हे पाहण्यासाठी आधी जातकाची घडण ध्यानात घ्यावी लागते.

जातकाची घडण

पाली जातकसंग्रहात ५४७ जातके आहेत. त्यांचे २२ निपात पाडले असून ही विभागणी विषयानुसार नाही, गाथांच्या संख्येनुसार आहे. एककनिपातात प्रत्येकी एक गाथा असलेली १५० जातके येतात, आणि शेवटच्या महानिपातात वेस्संतर जातकासारखी शेकडो गाथांची दहा प्रदीर्घ जातके येतात. या विभागणीवरूनच एक गोष्ट स्पष्ट व्हावी : संग्राहकांच्या दृष्टीने जातकाचा गाभा गाथा हा होता, गोष्ट त्याभोवती होती. खुद्दकनिकायातील ‘जातक’ या ग्रंथात मुळात गाथाच आहेत. आज आपण ज्याला जातककथा म्हणतो ते गद्य ‘जातकट्ठकथा’ या टीकाग्रंथातील आहे, आणि तो ग्रंथ श्रीलंकेत इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास, जुन्या सिंहली टीकांच्या आधारे सिद्ध झाला असे मानले जाते. परंपरा त्याचे कर्तृत्व बुद्धघोषाकडे देते. आधुनिक अभ्यासकांपैकी बहुतेकांना ते मान्य नाही.

या टीकाग्रंथातील प्रत्येक जातक पाच अंगांचे असते. पच्चुप्पन्नवत्थु म्हणजे बुद्धाच्या हयातीत, बहुधा जेतवनात घडलेला प्रसंग, त्या प्रसंगावरून बुद्ध सांगतो ती पूर्वजन्मीची कथा म्हणजे अतीतवत्थु, कथेतील गाथा, त्या गाथांतील शब्दांचे स्पष्टीकरण करणारे वेय्याकरण, आणि अखेरीस समोधान, म्हणजे त्या वेळचा राजा कोण, तो शिकारी कोण, आणि बोधिसत्त्व कोण याची आजच्या व्यक्तींशी घातलेली सांगड. पाठ्यपुस्तकात बहुतेक वेळा यांपैकी अतीतवत्थू तेवढी शिल्लक उरते. चौकट गेली की उरते ती इसापनीतीसारखी गोष्ट. मग तिच्याखाली तात्पर्य लिहिण्याचा मोह संपादकालाही आवरत नाही.

मुद्रित जातक आणि मराठी वाचक

जातकांचे आधुनिक अध्ययन कोपनहेगनमध्ये सुरू झाले असे म्हटल्यास वावगे होणार नाही. डॅनिश पंडित फाउसबोल यांनी प्रथम काही निवडक जातके स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. त्यांत १८७१ साली आलेले दशरथ जातक विशेष उल्लेखनीय आहे. पुढे १८७७ ते १८९६ या काळात त्यांनी जातकट्ठकथेची सहा खंडांची रोमन लिपीतील आवृत्ती पूर्ण केली. तिच्यावर आधारलेले इंग्रजी भाषांतर कॉवेल यांच्या देखरेखीखाली केंब्रिजहून १८९५ ते १९०७ या काळात निघाले. दरम्यान टी. डब्ल्यू. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८० मध्ये निदानकथेचे भाषांतर प्रसिद्ध केले आणि १८८१ मध्ये पाली टेक्स्ट सोसायटीची स्थापना केली.

मुंबईच्या विद्वानांपर्यंत हा विषय पोचला तो अगदी वेगळ्या वाटेने. जर्मन पंडित वेबर यांनी १८७० मध्ये रामायणावर प्रबंध लिहून रामकथेचे प्राचीन रूप दशरथ जातकात दिसते असे सुचविले, आणि सीताहरण व लंकेचे युद्ध यांवर होमरचा प्रभाव असावा असा तर्क मांडला. त्याला काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८७३ मध्ये सविस्तर उत्तर दिले. तेलंगांचा रोख रामायणाचे स्वतंत्र मूळ सिद्ध करण्याकडे होता, आणि तो त्या काळी स्वाभाविकही होता. मात्र त्यामुळे जातक हे आपल्याकडे प्रथमपासून कशाच्या तरी बाजूने किंवा विरुद्ध द्यावयाचा पुरावा म्हणून आले. ते स्वतः काय आहे, हा प्रश्न पाठीमागे राहिला.

याच दशकांत मुंबईत दुसरे एक काम चालू होते, आणि त्याची या विषयाशी असलेली जवळीक सहसा ध्यानात घेतली जात नाही. १८७२ ते १८८५ या काळात जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. त्यांतील बऱ्याच नकला लंडनमध्ये १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारे १८९६-९७ मध्ये दोन खंड प्रसिद्ध झाले. फाउसबोल यांचा शेवटचा खंड आणि ग्रिफिथ्स यांचा पहिला खंड एकाच वर्षीचे आहेत. एकीकडे कथांचे शब्द छापले जात होते, दुसरीकडे त्याच कथांची चित्रे मुंबईच्या तरुण चित्रकारांच्या कुंचल्याखाली उतरत होती. चित्रे उतरविणाऱ्यांपैकी बहुतेकांना कथा ठाऊक नव्हत्या, आणि कथा वाचणाऱ्यांनी चित्रे पाहिली नव्हती.

सामान्य मराठी वाचकाला तेव्हा बुद्ध भेटत होता तो चरित्रांतून. गोविंद नारायण काणे यांचे जगद्गुरू गौतम बुद्धाचे चरित्र आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे १८९८ मधील गौतम बुद्धाचे चरित्र ही त्यांतील महत्त्वाची पुस्तके. पहिल्याने गोव्यातील साखवाळच्या एका तरुणाला घराबाहेर काढले. दुसऱ्याची प्रत १९०७ मध्ये खुद्द केळुसकरांनी मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना भेट दिली. महाराष्ट्रातील बौद्ध अध्ययनाची पुढची वाटचाल या दोन वाचकांच्या नावांशी निगडित आहे.

धर्मानंद कोसंबी आणि फर्ग्युसन महाविद्यालय

साखवाळचे तरुण ते धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७). १८९९ च्या अखेरीस घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, बोधगया असा खडतर प्रवास करीत ते १९०२ मध्ये श्रीलंकेत पोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांकडे त्यांनी पालीचे अध्ययन केले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले. म्हणजे युरोपीय विद्वानांनी छापील ग्रंथांवरून जे मिळविले ते कोसंबींनी विहारांतील जिवंत पठणपरंपरेतून मिळविले. हा भेद केवळ चरित्रात्मक नाही; त्यांच्या जातकविषयक दृष्टीत तो उतरला आहे. विहारात जातक ही भाषेची शिडी नसते. ते धर्मदेशनेचे अंग असते, आणि कोणत्या प्रसंगी कोणते जातक सांगावे याला तेथे अर्थ असतो.

कोलकात्यात नॅशनल कॉलेज व विद्यापीठ येथे काही काळ पाली शिकविल्यानंतर कोसंबी महाराष्ट्रात परतले. आर्थिक दृष्टीने ही निवड शहाणपणाची नव्हती. सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या दरमहा ५० रुपयांच्या वेतनावर त्यांनी तीन वर्षे मराठीत बौद्धविद्या रुजविण्याचे काम पत्करले. बडोद्यात दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० मध्ये प्रसिद्ध झाली. रा. गो. भांडारकरांच्या पुढाकाराने मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीला स्थान मिळाले. विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी हार्वर्डला जाऊन आल्यावर १९१२ पासून सुमारे सहा वर्षे कोसंबी फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते. पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत ही पुढील पिढीतील नावे त्यांच्या शिष्यवर्गातील होत.

फर्ग्युसनमधील याच काळात, १९१४ मध्ये, कोसंबींचे ‘बुद्धलीलासारसंग्रह’ हे पुस्तक निघाले. त्याची मांडणी आजही विचारात घेण्याजोगी आहे. पहिल्या भागात जातकांतून निवडलेल्या बोधिसत्त्वाच्या पूर्वजन्मकथा, दुसऱ्यात बुद्धचरित्र, तिसऱ्यात उपदेश. जातक येथे चरित्राच्या आधी येते आणि चरित्र उपदेशात विलीन होते. हा क्रम निदानकथेच्या दूरेनिदान, अविदूरेनिदान व संतिकेनिदान या परंपरागत योजनेशी नाते सांगतो. दीपंकर बुद्धासमोरील सुमेध तापसाच्या संकल्पापासून बोधिवृक्षापर्यंतची वाट ही एकच कथा आहे, ही जाणीव त्यामागे आहे. कोसंबी श्रद्धाळू कथेकरी नव्हते. चमत्कारांविषयी त्यांची बुद्धी चिकित्सक होती, आणि पुढे ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी चार निमित्ते पाहून झालेल्या गृहत्यागाची रूढ कथा बाजूस सारून शाक्य-कोलियांमधील पाण्याच्या तंट्याशी त्या घटनेचा संबंध जोडला. तरीही कथेची परंपरा प्रथम तिच्या स्वतःच्या आकारात मांडावी, मग तिची चिकित्सा करावी, हा त्यांचा क्रम होता.

हा क्रम पाठ्यक्रमात टिकला नाही. त्याला व्यक्तींपेक्षा व्यवस्था अधिक जबाबदार आहे. विद्यापीठात पाली आली ती संस्कृतला पर्यायी अभिजात भाषा म्हणून. साहजिकच तिची परीक्षा संस्कृतच्या साच्यात झाली : उताऱ्याचे भाषांतर, व्याकरण, टिपा. ग्रंथ रोमन लिपीत असल्याने विद्यार्थ्याची पहिली शक्ती लिपीवरच खर्च होई. देवनागरी आवृत्त्यांची निकड त्यातून निर्माण झाली आणि ती कोसंबींच्या शिष्यांनी निष्ठेने भागविली. बापटांचा देवनागरी सुत्तनिपात १९२४ मध्ये निघाला. मुंबई विद्यापीठाच्या देवनागरी पाली ग्रंथमालेत ना. के. भागवतांनी निदानकथेसह अनेक ग्रंथ संपादित केले. या कामाचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु नवशिक्यांच्या वाचनपाठांचा नमुना मात्र बाहेरून आला. डाइन्स अँडरसन यांच्या १९०१ मधील प्रसिद्ध पाली वाचनमालेत आरंभीच सुंसुमार, वानरिंद, बक, सीहचम्म अशी लहान प्राणिजातके आहेत. युरोपीय विद्यार्थ्याच्या सोयीसाठी केलेली ती निवड होती. भारतीय संकलनांनी तोच मार्ग धरला आणि तो अद्याप फारसा सोडलेला नाही.

‘बुद्धकालीन समाज’ आणि जातकाचा पुरावा

इतिहास विभागात जातकाचे दुसरे आयुष्य सुरू झाले. रिचर्ड फिक यांनी १८९७ मध्ये जातकांच्या आधारे बुद्धकालीन ईशान्य भारतातील समाजरचनेवर जर्मन ग्रंथ लिहिला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९२० मध्ये कोलकात्यात झाले. ऱ्हीस डेव्हिड्स यांच्या १९०३ मधील ‘बुद्धिस्ट इंडिया’नेही जातकांना बुद्धाच्या किंवा त्याच्या जवळपासच्या काळाचे साक्षीदार मानले. श्रेणी, सार्थवाह, तक्षशिलेचे शिक्षण, भरुकच्छचे सागरी व्यापारी, चांडाळांची वस्ती हा सर्व तपशील तेथून पाठ्यपुस्तकांत उतरला आणि पदवी परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत स्थिर झाला. पाचव्या शतकातील सिंहली परंपरेच्या गद्यातून एक हजार वर्षांपूर्वीचा मगध उभा करताना मधल्या काळाचे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. याचा अर्थ गद्य निरुपयोगी आहे असा नाही. मात्र ते कोणत्या काळाविषयी काय सांगते, हे कथेगणिक तपासावे लागते.

यासाठी मखादेव जातकाचे उदाहरण सोयीचे आहे. राजा मखादेवाने न्हाव्याला सांगून ठेवलेले असते की डोक्यावर पांढरा केस दिसताच आपल्याला कळवावे. केस दिसतो, राजा राज्य पुत्राच्या हाती सोपवून प्रव्रज्या घेतो. संग्रहातील हे नववे जातक, एका गाथेचे. पण हीच कथा मज्झिमनिकायाच्या ८३ व्या सुत्तातही येते, आणि तेथेही शेवटी तो राजा म्हणजे आपणच होतो असे बुद्ध सांगतो. तिसरा साक्षीदार दगडाचा आहे. कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये सापडलेल्या भारहुत स्तूपाच्या वेदिकेवर, इसवी सनापूर्वीच्या सुमारे दुसऱ्या शतकात, राजा आणि न्हावी यांचा प्रसंग कोरलेला असून त्याखाली ‘मघादेविय जातक’ असे नाव आहे. म्हणजे कथा, तिचे ‘जातक’ हे वर्गीकरण आणि न्हाव्याचा प्रसंग या तिन्ही गोष्टी टीकाग्रंथाच्या कितीतरी आधीच्या ठरतात. भारहुतच्या आणखी एका पट्टाला शीर्षक म्हणून गाथेचे आरंभीचे शब्दच दिले आहेत, आणि ते अंधभूत जातकाच्या गाथेशी जुळतात. तेथील दात्यांत ‘पेटकी’ आणि ‘पंचनेकायिक’ अशी बिरुदे मिरविणारेही आहेत. गाथा पाठ असणारे लोक त्या वेदिकेभोवती वावरत होते, यात संशय राहत नाही.

सर्वच जातकांची अशी सोय नाही. सामाजिक इतिहासासाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या चित्तसंभूत जातकाकडे (क्र. ४९८) पाहिले म्हणजे अडचण कळते.

अवंतीमध्ये चित्त आणि संभूत हे दोन चांडाळ भाऊ उज्जयिनीच्या वेशीवर बांबूचे खेळ करून दाखवीत असतात. श्रेष्ठीची आणि पुरोहिताची मुलगी बाहेर पडतात. चांडाळ दृष्टीस पडले म्हणून सुगंधी पाण्याने डोळे धुऊन परत फिरतात. त्यांच्याबरोबर मिळणारे खाणेपिणे हुकले म्हणून लोक भावांना बेदम मारतात. जन्मामुळेच हे भोगावे लागते असे ठरवून ते दोघे जात लपवितात, ब्राह्मण म्हणून तक्षशिलेला जातात आणि विद्येत निपुण होतात. एका भोजनप्रसंगी गरम घास तोंडात घेऊन धाकटा पोळतो; भान सुटून दोघे आपल्या चांडाळांच्या बोलीत बोलतात, आणि पकडले जातात. पुन्हा मारहाण, पुन्हा वनवास. त्यानंतर हरणांचा, मग नर्मदेकाठच्या पक्ष्यांचा जन्म. आणि अखेर एक पुरोहितपुत्र तर दुसरा राजा. राजाला मागील जन्म अंधुक आठवतात, भावाला पुरते आठवतात. त्यांच्या भेटीचा संवाद म्हणजे या जातकाच्या गाथा.

वर्गात ही कथा वाचताना शांतता पसरते. अनुभवी अध्यापकांना हे सांगण्याची गरज नाही. विद्या संपादन करूनही बोलीच्या एका शब्दाने माणूस उघडा पडतो, हा तपशील ज्या बारकाईने आला आहे तसा प्राचीन भारतीय वाङ्मयात फार थोड्या ठिकाणी सापडेल. पण इतिहासाच्या शिक्षकाने येथे थांबून गाथा व गद्य वेगळे करून दाखविले पाहिजेत. अवंतीतील चांडाळजन्म, मृगजन्म, नर्मदातीरावरील पक्षिजन्म आणि आताचा ब्राह्मण-क्षत्रिय जन्म ही मालिका गाथेत आहे. डोळे धुण्याचा प्रसंग, तक्षशिला आणि बोलीमुळे पकडले जाणे हे गद्यात आहे. म्हणून हा तपशील बुद्धकालीन म्हणून लिहिणे धाडसाचे ठरेल. उलट, जैन उत्तराध्ययनसूत्राच्या तेराव्या अध्ययनात हेच दोन भाऊ येतात; त्याच्या आधीच्या अध्ययनातील हरिकेश मुनीची कथा मातंग जातकाशी (क्र. ४९७) नाते सांगते. तेव्हा कथेचा सांगाडा कोणा एका पंथाची निर्मिती नसून श्रमण परंपरांचा सामाईक ठेवा आहे, आणि तो बराच जुना आहे. गद्यातील तपशील मधल्या काही शतकांतील अस्पृश्यतेच्या कठोर होत गेलेल्या आचाराची साक्ष देत असावेत, असा निष्कर्ष अधिक सुरक्षित होय. यामुळे त्याचे मोल कमी होत नाही. अस्पृश्यतेचा इतिहास लिहिणाऱ्यास ‘केव्हा’ हा प्रश्न ‘काय’ इतकाच महत्त्वाचा असतो.

बदललेला वर्ग

१९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला पुढे मिलिंद या नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केले. मिलिंद हे नावच एका पाली संवादग्रंथातून आलेले आहे. १९५६ च्या धर्मांतरानंतर पालीच्या वर्गाचे स्वरूप पालटले. नंतरच्या दशकांत नागपूर, मुंबई, औरंगाबाद, पुणे येथील विद्यापीठांतून पाली-बौद्ध अध्ययनाची केंद्रे वाढली. जुन्या वर्गातील विद्यार्थ्याला पाली हा गुण मिळवून देणारा विषय होता. नव्या वर्गातील अनेकांना तो घरातला विषय आहे, आणि घरातल्या विषयाबद्दलचे प्रश्न परीक्षेपुरते नसतात.

त्यांतील पहिला प्रश्न जातकाबाबतच उभा राहतो. आत्म्याचे संक्रमण नाकारणारा धम्म शेकडो पूर्वजन्मांच्या कथा कशा सांगतो? हा प्रश्न टाळण्याची दोन रूपे आढळतात. एकात जातक म्हणजे केवळ नीतिकथा असे सांगून पूर्वजन्म गाळला जातो. दुसऱ्यात जातक हे उत्तरकालीन प्रक्षेप म्हणून संपूर्ण बाजूस सारले जाते. दोन्ही मार्ग सोपे आहेत आणि दोन्ही ग्रंथावर अन्याय करणारे आहेत. डॉ. आंबेडकरांनी स्वतः ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) या ग्रंथात पुनर्जन्माची आत्म्यावाचून उपपत्ती मांडली. त्याच ग्रंथात बोधिसत्त्वाच्या अवस्था वर्णिताना त्यांनी जातककल्पनेची अवतारकल्पनेशी तुलना केली, आणि बोधिसत्त्वाच्या ठायी शुद्धतेची अट आहे, अवताराच्या ठायी ती नाही, हा भेद दाखविला. म्हणजे त्यांनी जातक टाळले नाही. ते कशाच्या विरुद्ध उभे आहे याकडे लक्ष वेधले. वर्गातील चर्चेला यापेक्षा चांगला आरंभबिंदू मिळणे कठीण आहे. नाओमी ॲपलटन यांनी २०१० मध्ये थेरवादातील जातकांवर लिहिलेल्या ग्रंथात, जातकाला बोधिसत्त्वचरित्राचे रूप हळूहळू कसे आले, आणि कित्येक जातकांत बोधिसत्त्व केवळ साक्षी कसा असतो, हे दाखविले आहे. समोधान वगळून शिकविल्यास हा मुद्दा विद्यार्थ्यास दिसणेच अशक्य आहे.

मराठीत साधने नाहीत असेही म्हणता येत नाही. दुर्गा भागवत यांचे ‘सिद्धार्थ जातक’ अनेक खंडांत उपलब्ध आहे. विनयाच्या अभ्यासातून आलेली आणि लोकसाहित्यात मुरलेली दृष्टी त्यामागे असल्याने ते पाठ्यपुस्तकी संक्षेपांहून सर्वस्वी वेगळे आहे. पालीच्या वर्गात मात्र हे खंड संदर्भग्रंथांच्या यादीपलीकडे फारसे पोचत नाहीत.

ग्रंथ आणि भिंत

छत्रपती संभाजीनगरहून सुमारे शंभर किलोमीटरवर अजिंठ्याची लेणी आहेत. पालीच्या वर्गाची सहल तेथे जाते. परंतु सहलीत पुस्तक जात नाही. गेले, तरी एकटे पाली जातक तेथे अपुरे पडते. लेणे क्रमांक २ मध्ये चित्रांसोबत रंगविलेले श्लोक आर्यशूराच्या संस्कृत जातकमालेतील आहेत, हे ल्यूडर्स यांनी १९०२ मध्ये ओळखले. पुढे श्लिंगलोफ यांनी अनेक दशके चिकाटीने काम करून अजिंठ्यातील बरीच चित्रे पालीपेक्षा मूलसर्वास्तिवादी विनय, अवदाने व जातकमाला यांच्याशी अधिक जुळतात असे दाखविले. पदवीस्तरावर पाली आणि बौद्ध संस्कृत यांच्यामध्ये जी भिंत अभ्यासक्रमाने उभी केली आहे, ती लेण्याच्या भिंतीपुढे टिकत नाही.

छद्दंत जातकाचे (क्र. ५१४) उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. सहा दातांचा गजराज, मागील जन्मीचा मत्सर मनात धरून राणी झालेली त्याची पत्नी, आणि तिने पाठविलेला शिकारी. बाण लागल्यावर गजराज शिकाऱ्याला मारीत नाही, दात देतो. पण दात कापतो कोण? पाली गाथेत शिकारी उठून सुरीने दात कापतो. गद्यात त्याला ते जमत नाही, तेव्हा गजराज स्वतः सोंडेत करवत धरून आपले दात कापून देतो. भारहुतच्या पदकात हत्ती गुडघे टेकून बसला आहे आणि शिकारी करवतीने दात कापीत आहे. दगड गाथेच्या बाजूने साक्ष देतो. गद्यातील आत्मदानाचा उत्कर्ष हा नंतरच्या भावनेचा आविष्कार ठरतो. फ्रेंच पंडित फूशे यांनी याच एका तपशिलाचा धागा धरून गाथा, गद्य, चिनी भाषांतरे आणि शिल्पे यांचा कालानुक्रम लावण्याचा प्रयत्न केला. १९१७ मध्ये इंग्रजीत आलेल्या त्यांच्या निबंधसंग्रहात तो वाचावयास मिळतो. शंभर वर्षांहून जुना असलेला हा निबंध पद्धतीचा वस्तुपाठ म्हणून आजही वर्गात वाचण्याजोगा आहे, मग त्याचे सर्व निष्कर्ष मान्य असोत वा नसोत.

अजिंठ्यात ही कथा दोनदा येते. लेणे क्रमांक १० मधील चित्र लेण्यांच्या पहिल्या, हीनयान कालखंडातील. लेणे क्रमांक १७ मधील चित्र वाकाटककाळातील. दोहोंत कित्येक शतकांचे अंतर आहे. दहाव्या लेण्यात कापलेले दात समोर येताच राणी मूर्च्छित होते आणि दासी तिला सावरतात, हा प्रसंग अजून ओळखता येतो. बाकीची भिंत बरीच झिजली आहे, लेण्यात प्रकाश कमी आहे, आणि जुन्या प्रवाशांनी नावे कोरून चित्राचे नुकसान केले आहे. तेथे ग्रिफिथ्स आणि याझदानी यांच्या प्रतिकृती हाताशी ठेवूनच पाहावे लागते. त्या प्रतिकृती, छद्दंत जातकातील गाथांची दोन पाने, आणि त्यांवरील गद्य एवढे साहित्य पदव्युत्तर वर्गाच्या एका दिवसाच्या पाठास पुरेसे आहे, आणि ते बहुतेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत मिळण्याजोगे आहे.